तीनदा बिऱ्हाड हलवलेली खोली



सांगलीचं आमचं घर बिल्डरला द्यायचं की नाही, यावर आमच्याकडे दोन वर्षं धुसफूस चालली होती. ह्यांचं म्हणणं, जिना चढवत नाही, छप्पर गळतं, देऊन मोकळे होऊ. माझं म्हणणं, माडीवरची सासूबाईंची सामायिकाची खोली गेली की मी बसू कुठे? कागद कपाटात तसेच ठेवून आम्ही नोव्हेंबरात मुलाकडे नागोयाला गेलो.

सून म्हणाली, "आई, इथून अर्ध्या तासावर इनुयामाला चहाची खोली आहे, बघून येऊ." चहासाठी एवढा प्रवास? मला वाटलं हॉटेल असेल. निघालं भलतंच. एक बाग आणि तिच्यात लाकूड, माती आणि बांबूची एक छोटी झोपडी. नाव जोआन. जपानने ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली आहे.

ओदा उराकु नावाच्या सरदाराने ती १६१८ च्या सुमारास बांधली. मोठा भाऊ नोबुनागा म्हणजे त्या काळचा सगळ्यांत बलाढ्य माणूस. उराकुने मात्र म्हातारपणी तलवार बाजूला ठेवली आणि क्योतोच्या एका मठात हे बांधून राहिला. आत साडेतीन चटयांपेक्षाही कमी जागा. मी बी.कॉम.ची, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. साधारण साठ-पासष्ट चौरस फूट झाली. आमचा बिल्डर एवढी जागा कॉमन पॅसेजमध्ये दाखवतो!

आत जायचा दरवाजा म्हणजे एक चौकोनी झरोकाच. अशा दारांची उंची-रुंदी दोन फुटांच्या थोडी वर असते. सरदार असो की व्यापारी, वाकून, गुडघ्यांवर सरकतच आत जायचं. तलवार बाहेर ठेवायची. त्याआधी बागेतल्या दगडी कुंडाशी उकिडवं बसून हात धुवायचे, चूळ भरायची. पाहुण्याला तिथपर्यंत आणणारी वाटसुद्धा मुद्दाम ओबडधोबड दगडांची. ही शिस्त ज्याने घालून दिली त्या सेन नो रिक्यूची म्हणून मानली जाणारी खोली क्योतोजवळ आहे, ती तर फक्त दोन चटयांची. त्याच्या मालकाने, हिदेयोशीने, मात्र सोन्याने मढवलेली चहाची खोली करवली होती. उचलून नेता येईल अशी! पुढे १५९१ मध्ये त्याच्याच हुकुमावरून रिक्यूला जीव द्यावा लागला. ती दोन चटयांची खोली अजून आहे.

जोआनच्या आत आम्हाला जाऊ दिलं नाही, बाहेरूनच डोकावायचं. पण बायकांची नजर, बाहेरूनही पुरते. मातीच्या भिंतीला खालच्या बाजूने जुन्या पंचांगांची पानं चिकटवलेली. का, तर टेकून बसणाऱ्याच्या कपड्यांना माती लागू नये. मी हसलेच. आमच्या फडताळात कालनिर्णयची पानं अंथरलेली असतात ती काय वेगळी? खिडक्यांना बाहेरून बांबू इतके दाट लावलेत की उजेड गाळून आत येतो, डोळ्यांवर येत नाही.

आणि एक भिंत तिरकी. कोपऱ्यात उरलेल्या जागी त्रिकोणी फळी बसवली आहे. सुनेने पाटी वाचून सांगितलं, चहा देणाऱ्याला पाहुण्यांपर्यंत जाताना अडचण होऊ नये म्हणून. मैत्रिणींनो, चारशे वर्षांपूर्वीच्या त्या सरदाराने वाढणाऱ्याचा विचार केला! माझ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं फ्रीजच्या कोपऱ्याला कोपर आपटतंय, कुणाच्या लक्षात आलं नाही.

बागेत चहा प्यायलो. सोबतची मिठाई सुनेने विचारून घेतली, त्यात कंद होता, म्हणून मी ठेवली. हिरवा चहा कडू, पण घोटाघोटाने बरा लागतो.

तिथेच सुनेने सांगितलं की ही खोली मुळात इथली नाहीच. १९०८ मध्ये क्योतोहून तोक्योला नेली, मग युद्धाच्या आधी समुद्राकाठच्या ओइसोला, आणि १९७२ मध्ये इथे. तीनदा हलवली. मी परत जाऊन खिडकीतून पाहिलं. पंचांगाची पानं, तिरकी भिंत, सगळं जागच्या जागी. खूप वेळ उभी राहिले. ह्यांनी विचारलं, "गुडघे दुखतायत का?" मी नाही म्हटलं.

जानेवारीत परत आलो आणि कागदांवर सही केली. सही करताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू? आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. सासूबाईंच्या खोलीची सागवानी चौकट आणि त्यांचा पाट सुताराकडून सोडवून घेतला. नव्या फ्लॅटमध्ये बाल्कनीलगत सहा फूट बाय सात फुटांचा कोपरा मागितला. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काकू, तिथे वॉशिंग मशीन येतं." मशीन बाथरूममध्ये घालायला सांगितलं. चौकट नव्या भिंतीला दोन इंच उंच पडते म्हणे. सुतार खालून कापतो म्हणतो, मी अजून हो म्हटलेलं नाही.