वय वर्षं तेरा, काम पाहिजे

माझी भाची राईला राहते. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली की आधी मुर्धा, मग राई, मग मोर्वा. बाईसाहेब आठवीत, वय तेरा. दिवाळीत भेटल्यावर जाहीर केलं, "मामा, मला सोशल वर्क करायचंय. तू नेटवर शोधून दे." घरात एक इंजिनिअर असला की प्रिंटरपासून समाजसेवेपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. असो.

तर मंडळी, शोधायला बसलो. रक्तदान? १८ पूर्ण हवीत. एनएसएस १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालं, पण ते कॉलेजवाल्यांचं, अकरावीच्या आधी कोणी विचारत नाही. एनसीसीच्या ज्युनिअर विभागात तेराव्या वर्षी घेतात, पण शाळेत तुकडी असली तर. हिच्या शाळेत नाही. दोन संस्थांना मेल टाकले. एकीकडून उत्तर नाही. दुसरीने ऑनलाइन फॉर्म पाठवला, त्यात जन्मसालाच्या यादीत हिचं सालच नव्हतं! (व्हॅलिडेशन मात्र चोख केलं होतं, तेवढं प्रोफेशनल कौतुक करतो.)

संस्थांना मी फार दोष देत नाही. तेरा वर्षांचं मूल म्हणजे मदत नंतर, जबाबदारी आधी. त्याच्यावर लक्ष ठेवा, पालकांची परवानगी घ्या, अंधार पडायच्या आत घरी पोचवा. एवढं करायला एक मोठा माणूस अडकतो, मग मदत कसली झाली?

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं किनारा सफाईला गेलो. तासभर प्लास्टिक गोळा केलं, अर्धा तास फोटो. सोबत आलेले काही आईबाप सर्टिफिकेट कधी मिळणार याच चौकशीत. (आमच्या लहानपणी स्काउटमध्ये 'खरी कमाई' असायची. शेजाऱ्यांची सायकल पुसून दिली की कार्डावर सही आणि हातावर एक-दोन रुपये. तेव्हाही काही जणांचे बाबा घरीच पैसे देऊन सही करून टाकायचे, तेव्हा नव्या पिढीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.) परत येताना बसमध्ये भाची म्हणाली, "मी आले नसते तरी चाललं असतं ना रे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच चाललं असतं.

उत्तर मिळालं ते ओळखीच्या एका शिक्षिकेकडून. दहावीच्या बोर्डाला ज्या मुलांना दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही, त्यांना लेखनिक घेता येतो. मुलं त्याला सरळ 'रायटर' म्हणतात. आणि गंमत म्हणजे हा लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. कारण उघड आहे, त्याला उत्तरं येताच कामा नयेत. म्हणजे मी, बी.ई. आणि इतक्या वर्षांचा एक्स्पीरियन्स, इथे चक्क अपात्र! आठवीतली पोरगी पात्र. इथे तिचं लहान असणं चालवून घ्यायचं नव्हतं, तेच तर हवं होतं.

मुलगा बोरिवलीचा, पूर्ण अंध. परवानगीचे कागद त्याच्या शाळेने बोर्डाकडे पाठवले, हिच्या शाळेचा दाखला आणि फोटो जोडून. ताईला काळजी, की हिचा अभ्यास बुडेल आणि पोरीच्या हातून त्याचं काही नुकसान झालं तर? दुसरी काळजी मला पटली. म्हणून जानेवारीपासून दर रविवारी सराव. प्रश्न वाचायचा, तो सांगेल ते लिहायचं, त्याचं उत्तर चुकलेलं वाटलं तरी तसंच लिहायचं. तीन तासांच्या पेपरला वर तासाभराचा जादा वेळ मिळतो, पण एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं म्हटलं की तोही पुरत नाही.

दुसऱ्याच रविवारी तो म्हणाला, "तू बरोबर पर्यायावर आवाज चढवतेस. तसं नको करू." योग्य पर्याय निवडा, अशा प्रश्नात चार पर्याय वाचताना, जे हिला माहीत होतं तिथे हिचा सूर आपोआप बदलत होता. डोळे नसलेल्या माणसाला ते लगेच ऐकू आलं. त्याला ते मार्क नको होते. तिचा चेहरा पडला, पण पुढचा आठवडाभर ती घरात वर्तमानपत्र, गॅसचं बिल, औषधाची चिठ्ठी, सगळं एका सपाट आवाजात वाचत होती. ताई वैतागली. मला मात्र वाटलं, हिला आता काम मिळालं.

तुमच्या घरात असं कोणी सातवी-आठवी-नववीतलं असेल तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, किंवा अंध मुलांच्या शाळेत. दादरची मुलींची कमला मेहता अंधशाळा तर १९०० सालापासूनची आहे. दिवाळी झाली की लगेच विचारा, जानेवारीत धावपळ होते. हात मोडलेली मुलं मात्र अगदी पेपरच्या आधी रायटर शोधत असतात. आणि एकदा हो म्हटल्यावर ऐनवेळी मावसबहिणीचं लग्न निघालं, असं चालत नाही. एका मुलाचं वर्ष असतं ते.

ताप मात्र सांगून येत नाही, म्हणून आम्ही बॅकअप ठेवला होता. मोर्व्याची तिची मैत्रीण, तिचेही कागद विचारून तयार केलेले. तिला एकही पेपर लिहायला मिळाला नाही, म्हणून रुसून तिने पुढच्या वर्षीचा नंबर आत्ताच लावून ठेवलाय.