प्रवास कोठून सुरू होतो?

विमानाच्या तिकिटालाही जन्मस्थान असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अंतरावरून भाडे ठरते, असे रेल्वेने आपल्याला शिकविले. विमानात मात्र प्रवास कोणत्या देशातून आरंभिला, यालाही तेवढेच महत्त्व असते. दिल्लीहून युरोपला जाऊन येण्यास जे पैसे पडतात, त्याहून कमी पैशांत काठमांडूचा प्रवासी दिल्लीमार्गे तेथवर जाऊन येतो, असे पुष्कळदा घडते. आणि दिल्लीपासून पुढे दोघे शेजारच्या आसनांवर बसलेले असतात.

एके काळी ही भाडी उघडपणे ठरत. १९४५ साली हवाना येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाच्या परिषदांत कंपन्या एकत्र बसून दर ठरवीत व सरकारे त्यांस मान्यता देत. चलनांचे विनिमयदर स्थिर होते तोवर हे निभावले. १९७०नंतरच्या दशकात ते अस्थिर झाले, आणि एकाच मार्गाचे दोन टोकांकडील भाडे जुळेनासे झाले. दुबळ्या चलनाच्या देशात तिकीट काढण्याची युक्ती तेव्हाच बोकाळली. आजची तफावत मुख्यतः स्पर्धेतून येते. काठमांडूच्या प्रवाशाला वाटेत विमान बदलावे लागते. त्याला प्रतिस्पर्ध्याकडून आपल्याकडे ओढायचे तर काही सूट देणे भाग असते.

या व्यवहारात मूलतः अन्याय आहे, असे मला वाटत नाही. आपल्याकडेही देशांतर्गत उड्डाणांवर विदेशी प्रवाशांकडून अनेक वर्षे डॉलरमध्ये अधिक भाडे घेतले जात होते. त्या वेळी आपल्यापैकी फारसे कोणी अस्वस्थ झाल्याचे मला स्मरत नाही. शिवाय भाडी समान करा, असा आग्रह धरल्यास दिल्लीचे भाडे उतरण्याऐवजी काठमांडूचे चढण्याचाच संभव अधिक.

माझा आक्षेप आहे तो निराळ्या कलमाला. गेल्या वर्षी काठमांडूतील व्याख्याने आटोपून मी तेथूनच युरोपातील एका परिसंवादास जाणार होतो. पहिला टप्पा भागीदार कंपनीच्या विमानाने, पुढचा मूळ कंपनीच्या. ऐन वेळी व्याख्याने पुढे ढकलली गेली. मी दिल्लीतच होतो, म्हणून दिल्लीहून चढू द्यावे, अशी विनंती केली. उत्तर आले की, पहिला टप्पा न वापरल्यास उरलेले सर्व टप्पे, परतीच्या प्रवासासह, रद्द होतील. हवे असल्यास नवे तिकीट घ्यावे. मी कमी सेवा मागत होतो आणि तिच्यासाठी पुन्हा पूर्ण मोल द्यायचे होते! खिडकीमागील तरुणी अत्यंत सौजन्याने वागली. कलम तिने लिहिलेले नव्हते.

कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. स्वस्त भाड्यासाठी परदेशातून आरंभ होणारे तिकीट काढावे आणि पहिला टप्पा मुद्दाम सोडून द्यावा, असे करणारे प्रवासी आहेतच. परंतु कलम त्यांच्यात आणि ज्याचा बेत खरोखरच फिरला त्याच्यात भेद करीत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१० मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर अशी कलमे ग्राहकावर अवाजवी भार टाकणारी म्हणून अग्राह्य ठरविली. कंपनीला आपली भाडेरचना राखण्याचा अधिकार आहे, हे त्याने मान्य केले. तथापि त्यासाठी उरलेला प्रवास नाकारण्याची गरज नाही, आरक्षणाच्या वेळी त्या टप्प्यांचे भाडे अधिक असल्यास ते मागता येते. मला हा तोडगा समंजस वाटतो. फरक मागितला असता, तर मी तो कुरकुरत का होईना, दिला असता.

मग प्रवाशाने रीतसर दाद मागावी काय? मागावी, मात्र भाडे स्वस्त का नाही, या प्रश्नावर नव्हे. आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली आहे. नुकसानीच्या मानाने सर्वस्वी अवाजवी दंड, वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार, या गोष्टी तिच्या व्याख्येत स्पष्टपणे येतात. अडचण इतकीच की, अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. एका तिकिटापायी एवढा खटाटोप कोण करणार, हे कंपन्या पुरेपूर जाणतात. म्हणूनच निदान नकार लेखी घ्यावा, कोणत्या कलमान्वये ते लिहून मागावे, आणि शक्य त्याने पुढे जावे. मी ते लेखी उत्तर मिळविले आहे व अर्जाचा मसुदा करीत आहे.

तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्याचा उद्योग करतो तेथे तक्रार दाखल करण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे. तेथे प्रवासारंभाचे स्थान कोणी विचारीत नाही. अर्जातील ‘निवासस्थान’ हा रकाना मात्र अभ्यागत प्राध्यापकाला थोडा थबकवतो. तूर्त तेथे विद्यापीठाच्या अतिथिगृहाचा पत्ता लिहिला आहे.