माळावर टिकलेली माणसं

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बढतीत डावललं गेलं आणि त्यांनी नोकरी सोडली. गुणी माणूस का निघून जातो, हे त्यांना स्वतःवरूनच कळलं होतं.

पुढे त्यांचा बेळगावचा कारखाना हलवायची वेळ आली. औंधच्या राजांनी कुंडलजवळ जागा दिली. १९१० साली तिथे पोचलेल्यांपुढे होता निवडुंगाचा, सापाविंचवांचा माळ. अशा ठिकाणी कुशल कारागीर कशासाठी राहील? लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर वस्तीही उभी केली. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे सहकारी तिथे रमले, कारण ती वस्ती त्यांचीही होती. शिक्षा भोगून आलेल्यांच्या हाती तर रात्रीची राखण सोपवली गेली! हा विश्वास आजही थक्क करतो.

भोसरीतला किंवा इचलकरंजीतला छोटा कारखानदार आज गाव वसवू शकणार नाही. मोठ्या कंपनीएवढा पगारही त्याला झेपणार नाही. पण पगार ७ तारखेच्या आत देणं, भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरणं आणि हुशार पोराच्या हाती जबाबदारीचं काम सोपवणं त्याला नक्की जमेल. निदान एवढं तरी त्यानं या महिन्यापासून सुरू करावं.