बार्शी लाइट, मुक्काम काशी

काशीस बदली झाल्याचे सांगितले तेव्हा नाना एवढेच म्हणाले, “पंढरपूर लांब पडेल.” नानांचे वय अठ्ठ्याऐंशी, वारी सुटून बरीच वर्षे झाली. सारे जग मोक्षासाठी जेथे येते तेथे येऊनही या वारकऱ्याचा जीव मात्र कुर्डुवाडीच्या फलाटावर! मोठी गाडी सोडून बार्शी लाइटच्या चिमुकल्या डब्यात शिरले की त्यांची वारी सुरू होई. ते अरुंद रूळ केव्हाच उखडले; तेथून आता ब्रॉडगेज धावते. म्हणून ती गाडी घरातच आणावी, असे मी ठरविले.

कॅल्थ्रॉपसाहेबाने १८९७ साली सुरू केलेला हा मार्ग अडीच फुटांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटर. गाडी लहानात लहान हवी म्हणून मी प्रथम एकास एकशेसाठ हे प्रमाण धरले आणि फसलो. त्या हिशेबाने रुळांतील अंतर पावणेपाच मिलिमीटर भरते. तेवढे इंजिन घडविणे माझ्यासारख्या फायलीवाल्याचे काम नव्हे. मग युक्ती कळली. रूळ एन-गेजचे, नऊ मिलिमीटरचे तयार घ्यावेत आणि त्यांवरील डबे, फलाट, माणसे एकास सत्याऐंशी या प्रमाणात करावीत. ७६२ ला ८७ ने भागून पाहा: पावणेनऊ! पाव मिलिमीटरची तफावत नानांच्या चष्म्याला दिसणार नव्हती. युरोपातील हौशी मंडळी साठ वर्षे हेच करीत आली आहेत.

फळी दोन फूट रुंद, तीन फूट लांब. अधिक नको, पुढच्या बदलीत ती ट्रकमध्ये उभी राहिली पाहिजे. बावीस सेंटिमीटर त्रिज्येचे वळण तीत सहज बसते. मोटर व चाके तयार खेळण्यातली, परंतु बॉयलर कश्मीरीगंजच्या खरादीकडून करून घेतला. लाखेची रंगीत खेळणी करणारा तो कारागीर हसून म्हणाला, “बाबूजी, इतना छोटा लोटा किसके लिए?” ज्या शहरात १९६४ पासून अजस्र रेल्वे-इंजिने घडतात, तेथे माझा बॉयलर अंगठ्याएवढा!

माघात मी रूळ सांध्याला सांधा भिडवून ठोकले. ज्येष्ठात लू वाहू लागली, फळी सुकून आकसली, रूळ तापून वाढले आणि एका दुपारी मार्ग सापासारखा वाकडा झाला. सारे उखडून पुन्हा बसविले. या खेपेस प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवून.

आषाढी एकादशीस गाडी नानांपुढे फिरविली. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “टपावर माणसे कुठे आहेत? ही यात्रेची गाडी नव्हे.”

आता संध्याकाळी ते स्वतःच भिंग लावून बसतात. दोन सेंटिमीटरची माणसे मी काड्यांतून कोरतो, ते रंगवितात. हात कापतो, पण पटके पांढरे शुभ्र उतरतात. परवा त्यांनी एका बाईला हिरवे लुगडे नेसविले. तिला टपावर ठेवण्यासाठी मी चिमटा उचलला, तर म्हणाले, “तिला नको रे वर. तिला खिडकी लागते.”

आईचे हिरवे लुगडे मलाही आठवत होते. मी डब्याचे छप्पर उचकटायला घेतले.