सन्मानपत्राच्या चौकटीतलं गोपूर

काळ्या सुती कापडावर मी कसुतीचं गोपूर भरलं. कापड आणि दोऱ्याच्या लडी मिळून 300 रुपयेसुद्धा लागले नव्हते. फ्रेमवाल्याने त्याला चौकट घालायचे 1,900 सांगितले. सोनेरी पट्टी, चकाकी न मारणारी काच, मध्ये मखमली माउंट. त्याच्या भावाबद्दल तक्रार नाही. दुकानाचं भाडं, काचेची तूटफूट, कारागिराचा रोज हे सगळं त्यालाही त्यातूनच काढायचं असतं. मी अडले ती त्याच्या पुढच्या वाक्यापाशी. "ताई, कापड पुठ्ठ्याला चिकटवूनच देतो, म्हणजे सुरकुतीचं टेन्शन नाही."

चिकटवायचं म्हटलं की मला आत्याचा पोपट आठवतो. तिने लग्नाआधी मॅटीच्या कापडावर भरलेला, पेरूच्या फांदीवर बसलेला. कुणीतरी तो सरस लावून साध्या पिवळ्या पुठ्ठ्यावर डकवला आणि वर काच ठोकली. अशा पुठ्ठ्यात आम्ल असतं. तो जुना होताना स्वतः तपकिरी पडतो आणि कापडालाही पाडतो. तसंच झालं. शिवाय काच टाक्यांना चिकटून बसवलेली, त्यामुळे पावसाळ्यातला दमटपणा आतच कोंडला आणि बुरशीचे ठिपके उमटले. धुऊन घेऊ म्हणून कापड सोडवायला गेलो, तर पुठ्ठ्याचे पापुद्रेच त्याच्याबरोबर यायला लागले. पोपट अजून आत्याकडे आहे. धुता येत नाही, टाकवत नाही.

म्हणून माझी अट एकच होती: जे काही करायचं ते उद्या उलगडता आलं पाहिजे. कापड बाहेर काढून, धुऊन, पुन्हा बसवता आलं पाहिजे. ही अट घातली आणि गंमत म्हणजे खर्चाच्या बऱ्याचशा बाबी आपोआप गळाल्या.

चौकट फुकट मिळाली. आमचे सासरे मुख्याध्यापक होते. निवृत्तीच्या आगेमागे त्यांचे इतके सत्कार झाले, की कपाटावर सन्मानपत्रांची चळत लागली होती. शाल वापरून संपते, नारळ पहिल्याच आठवड्यात संपतो, सन्मानपत्र मात्र संपत नाही. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मजकूर फाइलला लाव, लाकूड घेऊन जा." ज्यांच्या घरात सत्काराचे धनी नाहीत त्यांच्यासाठी पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. तिथे चौकट निवडताना मी आतल्या चित्राकडे बघत नाही, कोपरे बघते. चौकट जमिनीवर पालथी ठेवून दाबायची. डुगडुगली तर सोडून द्यायची, कारण पिळवटलेली चौकट घरी सरळ करता येत नाही. देवाच्या तसबिरी तेवढ्या मी घेत नाही. पिंपळाच्या पारावर लोकांनी ठेवलेल्याही नाही, मग पट्टी सागवानी का असेना.

काच साबणाने धुऊन तीच वापरली. पैसे खर्च केले ते आम्लरहित माउंटबोर्डावर. 280 रुपये पडले आणि तिथे मी घासाघीस केली नाही, कारण कापडाला जन्मभर टेकून राहणारी वस्तू तीच. त्याचे दोन सारखे तुकडे कापून एकावर एक ठेवले, कारण एकच बोर्ड दोऱ्याच्या ताणाने धनुष्यासारखा वाकतो. चौकटीच्या खाचेपेक्षा ते चारही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर लहान ठेवले, दुमडलेल्या कापडाची जाडी मावायला हवी म्हणून. वर धुतलेल्या मांजरपाटाचा एक थर. त्याने टाक्यांच्या मागचे उंचवटे आत जिरतात. कसुतीला तसे ते कमीच असतात. या भरतकामात गाठ मारत नाहीत; गवंती आणि मुरगी हे टाके तर दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. क्रॉस स्टिचवाल्यांनी मात्र मांजरपाटाऐवजी फ्लॅनेल घ्यावं.

कापड आधी धुवायचं. महिनोन्महिने हातात वागवलेल्या कापडावर घाम आणि तेल असतं. आज दिसत नाही, पुढे पिवळं होऊन दिसतं. लाल दोऱ्याचा मला भरवसा नसतो. उलट्या बाजूने ओला पांढरा कपडा दाबून रंग लागतो का ते पाहिलं, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवलं. न पिळता टॉवेलात गुंडाळून पाणी टिपलं आणि किंचित ओलं असतानाच टॉवेलावर पालथं घालून इस्त्री फिरवली. सुलट बाजूने इस्त्री केली की टाके चपटे होतात आणि गोपुराचा सगळा कणीदारपणा जातो.

मग खरं काम: ओढून बांधणं. नक्षीच्या मध्यातून एक उभा आणि एक आडवा धावदोरा घातला, पांढऱ्या दोऱ्याने, काळ्यावर दिसावा म्हणून. बोर्डाच्या चारही कडांचे मध्य पेन्सिलीने मागे खुणावले. धावदोरा त्या खुणांवर आणून कापड मागे दुमडलं आणि दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावले. इथे घाई नाही. कसुती कापडाचे धागे मोजून भरतात, त्यामुळे नक्षीची ओळ आणि कापडाचा धागा एकच असतो. तो चौकटीच्या कडेला समांतर नसेल तर पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण गोपूर कललेलं दिसतं.

बांधायला क्रोशाचा दोरा घेतला. जाड, पीळदार, 60 रुपयांचा गुंडा. तो गुंड्यापासून तोडायचा नाही. सुईत ओवून मध्यापासून सुरुवात करायची, पाठीमागे वरच्या दुमडीतून खालच्या दुमडीत, पुन्हा वर, अशी वाकडीतिकडी शिवण एका टोकापर्यंत न्यायची आणि लागेल तसा दोरा गुंड्यातून ओढत राहायचं. टोकाला पोचलं की परत मध्यावर यायचं आणि एकेक टाका बोटाने उचलून ढिलाई काढत पुढे सरकायचं, पायजम्याची नाडी सारखी करतो तसं. मग दुसऱ्या अर्ध्या बाजूला तेच. उभं झालं की आडवं.

किती ओढायचं हे पुस्तकात वाचून कळत नाही. ढिलं राहिलं तर पावसाळ्यात कापड पोट काढतं. फार ओढलं तर मोजीव भरतकामात सुई जिथून गेली ती प्रत्येक जागा उघडते आणि काळ्या कापडावर खालच्या मांजरपाटाचे बारीक ठिपके चमकायला लागतात. मी ते ठिपके दिसायला लागेपर्यंत ओढते आणि किंचित सोडते. या कामाला एक अख्खी संध्याकाळ जाते. फ्रेमवाल्याला ती संध्याकाळ परवडत नाही, म्हणून तो सरस काढतो. मला परवडते, माझी एवढीच बचत.

मखमली माउंट घेतलंच नाही. नक्षीभोवती दोन इंच काळं कापड मोकळं सोडलं, तेच माउंट. पण माउंटचं एक काम सजावटीपलीकडचं असतं, ते म्हणजे काच आणि कापडात अंतर ठेवणं. त्यासाठी उरलेल्या बोर्डाच्या अरुंद पट्ट्या कापून काचेच्या कडेला आतून ठेवल्या. चौकटीच्या ओठाखाली त्या झाकून जातात. आता अडचण अशी, की सन्मानपत्राची खाच एका कागदापुरतीच खोल असते. माझा डोलारा मागून चांगला अर्धा सेंटिमीटर बाहेर आला. आंब्याच्या रिकाम्या पेटीच्या फळ्या कामाला आल्या. त्यांच्या पट्ट्या चौकटीच्या पाठीवर कापडाला न लागतील अशा बसवून खोली वाढवली. त्याही स्क्रूने, खिळे ठोकले की उलगडायची अट मोडते. स्क्रू, कड्या आणि तार बोहरी आळीतून 70 रुपयांत आली.

काळ्या कापडावर काच बसवणं ही मात्र शिक्षा आहे. काच पुसली की घर्षणाने तिच्यावर विद्युतभार येतो आणि घरातला प्रत्येक तंतू उडून आत येतो. चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून टिपायचं, चौकट उभी करून बघायचं, पुन्हा उघडायचं. आमच्याकडे मांजर आहे, यापेक्षा जास्त काही सांगत नाही.

पाठ बंद करायला लोक खाकी कागद खळीने चिकटवतात. खळ म्हणजे कसरीला मेजवानी. मी जुन्या सुती ओढणीचा तुकडा ड्रॉइंग पिनांनी ताणून लावला. धूळ अडते, हवा खेळते. भिंत निवडताना बाहेरची, पावसाचा मारा घेणारी टाळली आणि उन्हाची तिरीप येणारीही, कारण लाल आणि जांभळा दोरा उन्हाने विटतो. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावल्या, म्हणजे चौकट भिंतीला सपाट टेकत नाही आणि मागे ओल धरत नाही. सगळा हिशोब 410 रुपये.

कपाटावर अजून सात-आठ सन्मानपत्रं आहेत, बहुतेक बारा बाय नऊ इंचांची. पुढचा नमुना तुळशीवृंदावन आणि दोन बाजूंना हत्ती असा काढला होता. दोन इंचांची मोकळी जागा वजा केली तर नक्षीला आठ बाय पाच इंच उरतात आणि माझ्या कापडाचे इंचातले धागे मोजून पाहिले, तर त्यात दोन्ही हत्ती मावत नाहीत. एक हत्ती काढून टाकला की वृंदावन एकीकडे झुकतं. त्यामुळे सध्या हत्तींच्या जागी मोर बसवून बघते आहे.