हॉटेलांचं सोरट

लहानपणी शाळेबाहेरच्या टपरीवर सोरट असायचं, आठवतंय? एक पुठ्ठा, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि वर लटकवलेली बक्षिसं. रुपया द्यायचा, चिठ्ठी फाडायची आणि आकडा बघायचा. वर लटकणारी बॅट कधी कुणाला लागली नाही. हातात यायची ती एक गोळी, नाहीतर शिट्टी. तरी दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा रुपया घेऊन हजर!

ऑनसाइट म्हणून अमेरिकेत आलो आणि कळलं की इथे मोठी माणसंही सोरट खेळतात. फक्त रुपयाच्या जागी क्रेडिट कार्ड असतं आणि बक्षीस म्हणजे हॉटेलची खोली.

प्रकार असा. डिस्काउंटवाल्या ट्रॅव्हल साइटवर शहर आणि तारखा टाकायच्या. नेहमीच्या यादीत मधूनमधून काही बिननावाची हॉटेलं दिसतात. 'चार तारे, डाउनटाउन, जिम आहे, वायफाय आहे, पाहुण्यांनी पाचपैकी ४.३ गुण दिलेत, ७४ डॉलर.' नाव काय? ते पैसे भरल्यावर कळेल. बेत रद्द झाला तर पैसे परत? नाही. तारीख बदलून मिळेल? नाही. घ्यायचं तर घ्या.

आता तुम्ही म्हणाल, हॉटेलवाल्याला स्वस्तात द्यायचंय तर सरळ नाव लावून देत का नाही? इथेच खरी गंमत आहे. हॉटेलची खोली म्हणजे संध्याकाळची कोथिंबीर. कोथिंबीर निदान दुसऱ्या दिवशी पाणी मारून मांडता तरी येते. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, ती गेलीच. त्यामुळे अगदी कमी पैशातही ती गेलेली परवडते. पण त्याच हॉटेलात १४० डॉलर भरणारी कंपन्यांची माणसं उतरलेली असतात. त्यांना ७४ चा भाव उघड दिसला तर उद्यापासून १४० कोण देईल? म्हणून नाव झाकायचं. ज्याला तेच हॉटेल हवंय तो पूर्ण भाव देतो, ज्याला कुठलंही चालेल तो झाकलेलं घेतो, आणि दोघांची गाठ पडते ती फक्त सकाळी लिफ्टमध्ये. या धंद्यातले लोक अशा खोल्यांना 'ओपेक' म्हणतात, म्हणजे आरपार न दिसणाऱ्या.

ही कल्पना काही आजची नाही. १९९८ मध्ये प्राइसलाइनने 'तुमचा भाव तुम्हीच सांगा' अशी पद्धत आणली. तुम्ही भाग, तारे आणि किंमत सांगायची, कार्डाचा नंबर द्यायचा. कुठल्याशा हॉटेलने हो म्हटलं की कार्डावर पैसे पडले, मग माघार नाही. नाही म्हटलं तर त्याच मागणीवर लगेच किंमत वाढवता यायची नाही. २४ तास थांबा, नाहीतर भाग किंवा तारे बदला. यावर लोकांनी काय शोधून काढावं? ज्या भागात चार ताऱ्यांचं एकही हॉटेल नाही, असा भाग मागणीत वाढवायचा! मागणी बदलली, म्हणजे पुन्हा बोली लावता येते, आणि नको त्या भागातलं हॉटेल गळ्यात पडायची भीतीही नाही. कुठल्याही टेस्टरने मनातल्या मनात टाळी द्यावी असा हा बग होता.

२००० मध्ये हॉटवायर आलं. त्यामागे अमेरिकन, युनायटेड वगैरे सहा विमान कंपन्याच होत्या, कारण रिकाम्या सीटचं दुखणं रिकाम्या खोलीसारखंच. इथे घासाघीस नव्हती. भाव ठरलेला, नाव झाकलेलं. पुढे लोकांना हेच सोपं वाटू लागलं. प्राइसलाइनच्या जाहिरातींत 'स्टार ट्रेक'वाला विल्यम शॅटनर घासाघीस करणारा 'निगोशिएटर' व्हायचा. २०१२ च्या एका जाहिरातीत त्याला चक्क बससकट पुलावरून खाली पाडलं (नंतर जिवंतही केलं, ते सोडा). विमानाच्या तिकिटांसाठीची बोली २०१६ मध्ये बंद झाली, पुढे हॉटेलांचीही. झाकलेलं नाव मात्र टिकून आहे.

मी राहतो इलिनॉयमध्ये ब्लूमिंग्टनला. हे इन्शुरन्स कंपन्यांचं गाव, त्यामुळे आयटीवाली देसी मंडळी भरपूर. शेजारच्या नॉर्मलहून (हो, गावाचं नावच नॉर्मल आहे!) अ‍ॅमट्रॅकची गाडी थेट शिकागोच्या युनियन स्टेशनला जाते. डाउनटाउनच्या हॉटेलात गाडी लावायची म्हणजे रात्रीचे ५०-६० डॉलर सहज जातात, तेव्हा आगगाडीच बरी. हिवाळ्यात तळ्यावरून असला वारा सुटतो की शहाणा माणूस शिकागोला जात नाही, आणि म्हणूनच तेव्हा तिथली चांगली हॉटेलं रिकामी पडून असतात. मला आणि माझ्या रूममेटला अजून कुणी शहाणं म्हटलेलं नाही, त्यामुळे दोन हिवाळे आम्ही हे सोरट मनसोक्त खेळलो.

खेळायचं म्हणजे डोळे मिटून नव्हे. झाकलेल्या हॉटेलची पाटी वाचायची एक विद्या आहे. साइट नाव लपवते, पण भाग, तारे, गुण आणि सोयींची यादी दाखवते. तीच यादी नेहमीच्या नावासकट यादीवर गाळणीसारखी लावायची. स्विमिंग पूल आहे, कुत्री चालतात, नाश्ता फुकट नाही, गुण ४.३... चाळीसची सात होतात, सातची दोन. वर रिसॉर्ट फी असेल तर उत्तमच, कारण अमुक डॉलर तमुक सेंट हा आकडा बोटाच्या ठशासारखा असतो. शुक्रवारी रात्री आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन याच्यामागे असे बसायचो की मॅनेजरने पाहिलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. हापिसातल्या प्रॉडक्शनच्या बगलाही इतकं प्रेम कधी मिळालं नव्हतं.

कमाई चांगली झाली. पहिल्याच वेळी ७४ डॉलरमध्ये नदीकाठचं जुनं, उंच छताचं हॉटेल मिळालं. नावासकट त्याचाच भाव १३८ दिसत होता. अंगात पाय लपेल एवढा जाड गालिचा, लॉबीत झुंबर, आणि आम्ही दोघं पाठीवर सॅक, हातात घरून आणलेल्या पराठ्यांचा डबा. दरवाजा उघडणाऱ्या माणसाने 'वेलकम सर' म्हटल्यावर रूममेटने मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतोय ते!

दुसऱ्या खेपेला गोळी लागली. हॉटेल ठीक, पण खोली लिफ्टला लागून आणि खिडकीतून समोर एसीच्या यंत्रांची भिंत. आत पलंग एकच. काउंटरवरच्या बाईंनी हसून सांगितलं की या दरात पलंगाचा प्रकार मिळेल तसा. त्यांचं बरोबर होतं. तसं नियमात लिहिलेलंच असतं, आणि आम्हीही ते धरूनच गेलो होतो. रूममेट झोपेत फुटबॉल खेळतो, एवढंच नियमात नव्हतं. रात्री दोन वाजता मी उशी घेऊन खाली कार्पेटवर आलो. सकाळी दोघंही त्यावर पोट धरून हसलो, आजही हसतो. ६४ डॉलर वाचले होते, पाठ दोन दिवसांत सुटली. हिशेब पूर्ण.

तोवर माझं मत पक्कं होतं की हा फुकटचा फायदा आहे. मग आई-बाबा आले.

बाबांना शिकागोत एकच गोष्ट बघायची होती. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद जिथे बोलले ती इमारत, म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट. बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल, म्हणाले. तीन रात्रींचा बेत ठरला. मी सवयीने साइट उघडली. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूजवळ चार तारे, ९६ डॉलर! बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, डोळे चमकले.

"अरे, निम्म्यात मिळतंय की! घेऊन टाक."

"बाबा, पण नाव माहीत नाही."

"नाव काय चाटायचंय? चार तारे म्हणतायत ना?"

आता या ताऱ्यांचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे केंद्राचं पर्यटन मंत्रालय हॉटेलांची तपासणी करून तारे देतं. अमेरिकेत असा सरकारी तारा नाहीच. साइटवर दिसतो तो बहुतेक वेळा त्या साइटचा स्वतःचा. बाबांना हे समजावत होतो तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिथे न्हाणीघरात ते टब असतात का रे? मला पाय उचलून आत जाता येत नाही अजून."

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षीच झालंय. सपाट जमिनीवर ती माझ्यापेक्षा भराभर चालते, पण दीड फुटाची कड ओलांडायची म्हटली की दोन्ही हातांनी धरायला काहीतरी लागतं. आणि इथल्या हॉटेलांमध्ये टब सर्रास असतो. साइट जिम सांगते, वायफाय सांगते, कुत्रं चालेल की नाही हेसुद्धा सांगते. टबाला कड आहे की नाही, हे सांगत नाही. शिवाय बाबांचं इन्सुलिन ठेवायला फ्रीज हवा, आणि पलंग दोन हवेत. एकेक गरज यादीत टाकत गेलो आणि लक्षात आलं की यातली एकही गोष्ट त्या ९६ डॉलरमध्ये पक्की नाही.

तेव्हा मला हा सगळा व्यवहार नीट दिसला. आपल्याला वाटतं की साइट आपल्याला सवलत देते. खरं तर ती आपल्याकडून एक वस्तू विकत घेते. ती वस्तू म्हणजे 'नको' म्हणायचा हक्क. हे हॉटेल नको, ही खोली नको, या तारखेला नको... हे सगळे 'नको' गोळा करून त्यांचे ती रात्रीचे ६०-७० डॉलर देते. मला आणि रूममेटला ते फार जड नव्हते. आम्ही कार्पेटवरही झोपू शकतो, म्हणून आमचे 'नको' आम्ही आनंदाने विकले. पण आईचा 'नको' माझा नव्हताच. तो विकायचा मला काय अधिकार?

बाबांनी एक तोडगा काढलाच. "घेऊन तर बघू. टब असला तर दुसरी खोली मागू." पण मागायची ती उपकार म्हणून, हक्क म्हणून नाही. हॉटेल भरलेलं असेल तर काउंटरवरचा भला माणूसही काही करू शकत नाही. आणि रात्री नऊ वाजता सामान घेऊन, दुखरा पाय घेऊन लॉबीत उभी असलेली आई मला डोळ्यांसमोर दिसत होती. ती काय म्हणाली असती तेही ठाऊक होतं. "असू दे रे, मी करते काहीतरी." आयांचं हे वाक्य म्हणजे जगातलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

शेवटी नावासकट हॉटेल घेतलं, रात्रीचे १५८ डॉलर. फोन करून कड नसलेला शॉवर, फ्रीज आणि दोन पलंग पक्के करून घेतले. तीन रात्रींचा फरक १८६ डॉलर झाला. बाबांनी लगेच रुपयांत हिशेब केला, सोळा हजारांच्या वर! शिकागोपर्यंतच्या गाडीत ते दर अर्ध्या तासाने तो आकडा मला सांगत होते.

आणि तिथे काय झालं? काहीच नाही. आई शॉवरमध्ये गेली, अंघोळ करून बाहेर आली आणि केस पुसत म्हणाली, "छान आहे हो जागा." बस. दुसऱ्या दिवशी बाबा त्या इमारतीसमोर हात मागे बांधून दहा मिनिटं गप्प उभे राहिले. त्या दहा मिनिटांत सोळा हजारांचा विषय निघाला नाही. कदाचित त्या झाकलेल्या हॉटेलातही कड नसलेला शॉवर असता. ते कधीच कळणार नाही. पण 'काहीच झालं नाही' हेच तर १८६ डॉलर देऊन विकत घेतलं होतं.

असो. तर तुम्ही हे सोरट खेळू नका असं मी मुळीच म्हणत नाही. एकटे असाल, किंवा तुमच्यासारख्याच कुणा बेफिकीर मित्राबरोबर असाल तर जरूर खेळा. बेत पक्का असू दे, तिकीट हातात आल्यावरच पैसे भरा. एखाद्या हॉटेल साखळीचे पॉइंट जमवत असाल तर अशा बुकिंगवर ते सहसा मिळत नाहीत, हेही धरा. तुलना करताना वरचा भाव बघू नका, शेवटचा बघा. शिकागोत हॉटेलवरचा करच १७ टक्क्यांच्या वर जातो. रिसॉर्ट फीसारख्या सक्तीच्या फिया पूर्वी शेवटच्या पानावर उगवायच्या. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत नियम लागू झालाय की त्या पहिल्याच किमतीत धरून दाखवायच्या, सरकारी कर तेवढे वेगळे ठेवता येतात. तरी बारीक अक्षरं वाचायची सवय मोडू नका. आणि फरक १०-१५ डॉलरचाच असेल तर सोडून द्या. एवढ्या स्वस्तात आपला 'नको' विकू नये.

पण बरोबर लहान मूल असेल, कुणाचा गुडघा असेल, कुणाचं औषध फ्रीजमध्ये ठेवायचं असेल, किंवा लग्नानंतरची पहिली सहल असेल, तर आधी त्यांना विचारा की त्यांना काय 'नको' आहे. उत्तर 'मला काहीही चालेल' असं आलं तर पुन्हा एकदा विचारा.

आई-बाबा परत गेलेत. फेब्रुवारीत शिकागोला पुन्हा एक चक्कर मारायचा विचार आहे. रूममेटचं लग्न ठरलंय, त्यामुळे या वेळी एकटाच. कुठे उतरणार म्हणता? मलाही पैसे भरल्यावरच कळेल.