गळका व्हॉल्व्ह

माझे अब्बा पोहण्याच्या एका तलावावर पंप चालवत असत. एके सकाळी तलावातील पाणी बरेच उतरले होते. साहेब अब्बांवर रागावले.

अब्बांनी नीट पाहिले. व्हॉल्व्हचे हँडल 'फिल्टर'वर होते, तरी सांडपाण्याच्या पाइपातून पाणी वाहत होते. त्यांनी पंप बंद करून व्हॉल्व्ह उघडला. आतले रबरी गॅस्केट खाचेतून सरकून फाटले होते.

"चालू पंपावर कोणीतरी हँडल फिरवले आहे," अब्बा म्हणाले.

माझी मान खाली गेली. आदल्या दिवशी मीच ते गंमत म्हणून फिरवले होते. मी साहेबांसमोर चूक कबूल केली. अब्बांनी माझ्याकडून खाच साफ करून घेतली, नवे गॅस्केट बसवून घेतले. गळती थांबली.

आजही हँडलला हात लावण्यापूर्वी मी पंप बंद करतो.